मिग-२१ साठी किट निवडताना: १:७२ की १:४८?

भारतीय हवाई दलाचे मिग-२१ प्लॅस्टिकच्या किटमधून स्वतः जोडायचे असे ठरले, की खरेदीआधीच एक निर्णय घ्यावा लागतो: १:७२ प्रमाणातले किट घ्यायचे की १:४८ प्रमाणातले. हा निर्णय एका खोक्यापुरता राहत नाही. पहिले विमान ज्या प्रमाणाचे, त्याच प्रमाणाची पुढची विमानेही बहुधा घेतली जातात, कारण दोन प्रमाणांतली विमाने एका फळीवर ठेवली की चिमुकले मिग शेजारच्या सुखोईच्या तोडीचे दिसू लागते आणि संग्रहातली गंमतच जाते.

१:७२ मध्ये खऱ्या विमानाचे सहा फूट एका इंचात बसतात, तर १:४८ मध्ये चार फूट. ब्रिटनमध्ये १९३६ साली ‘फ्रॉग पेंग्विन’ या नावाने प्लॅस्टिकची पहिली विमान-किटे निघाली, तीही १:७२ चीच होती. मिग-२१ च्या पंखांचा विस्तार सव्वासात मीटरच्या आतच आहे. त्यामुळे १:७२ मध्ये तो जेमतेम दहा सेंटिमीटर भरतो आणि १:४८ मध्ये पंधरा. नाकावरची पिटोट नळी (हवेतला वेग मोजणारी बारीक नळी) धरून लांबी अनुक्रमे वीस-बावीस आणि तीस-तेहतीस सेंटिमीटर होते. हा फरक दीडपटीचा आहे असे म्हटले की किरकोळ वाटतो. पण फळीवरची जागा आणि रंगवायचा पृष्ठभाग सव्वादोनपट होतो, हे लक्षात ठेवलेले बरे.

नवशिक्याने लहान प्रमाण घ्यावे, ते सोपे असते, असा सल्ला सर्रास दिला जातो. माझ्या मते तो अर्धाच खरा आहे. लहान किटमध्ये सुटे भाग सहसा कमी असतात आणि काम लवकर उरकते, हे खरे. परंतु जे भाग असतात ते इतके बारीक असतात, की चिमट्यातून उडालेला एखादा भाग फरशीवर शोधण्यातच संध्याकाळ जाते. मिग-२१ ची पिटोट नळी हे याचे उत्तम उदाहरण आहे. १:७२ मध्ये ती काडीहून बारीक असते आणि विमान हातात धरून पॉलिश पेपरने घासताना हमखास मोडते. माझी तीन वेळा मोडली. शेवटी मी तिच्या जागी इंजेक्शनच्या सुईचा तुकडा बसवला आणि तो आजवर टिकला आहे. डिंकाचेही तसेच आहे. किटचे प्लॅस्टिक, म्हणजे पॉलिस्टायरिन, जोडणारा पातळ डिंक प्लॅस्टिक विरघळवून दोन भाग एकजीव करतो, त्यामुळे लहान भागावर त्याचा एक थेंब जास्त पडला तरी कोरीव तपशील कायमचा पुसला जातो. १:४८ मध्ये हात थोडा हलला तरी खपून जाते.

बारकाव्यांच्या बाबतीत मात्र तुलना एकतर्फी आहे. पत्र्यांच्या सांध्याची रेघ मॉडेलवर ०.१५ मिलिमीटर रुंद असेल, तर १:७२ च्या हिशेबाने खऱ्या विमानावर तिची जवळजवळ अकरा मिलिमीटरची भेग होते. १:४८ मध्ये तीच रेघ सात मिलिमीटरच्या आसपास येते. पंखांच्या मागच्या कडेची जाडी, चाकांच्या कप्प्यातल्या नळ्या, मिगच्या कॉकपिटचा तो प्रसिद्ध हिरवट निळा रंग आणि त्यातली घड्याळे या सगळ्याला १:४८ मध्येच न्याय मिळतो. मिग-२१ च्या ‘बिस’ या प्रकारात कॉकपिटवरची काच उजव्या बाजूला उघडते. ती उघडी ठेवून आतले काम दाखवायचे असेल, तर १:७२ मध्ये केलेल्या मेहनतीपैकी फारच थोडी पाहणाऱ्याच्या डोळ्यात भरते.

प्रमाण ठरवण्याआधी विमानाचा प्रकार पक्का करावा. भारतात ‘एफएल’, ‘एम’ आणि ‘बिस’ हे प्रकार हिंदुस्तान एरोनॉटिक्सने परवान्याखाली बांधले आणि त्यासाठीच नाशिकजवळ ओझरचा कारखाना उभा राहिला. ‘बिस’च्या पाठीचा फुगीर कणा ‘एफएल’पेक्षा स्पष्टपणे वेगळा आहे, तेव्हा खोक्यावर नुसते मिग-२१ लिहिले आहे म्हणून ते उचलू नये. १:४८ मध्ये चेक कंपनी एडुआर्डने २०११ पासून मिग-२१ चे अनेक प्रकार काढले आहेत आणि आजही माझी पहिली पसंती त्यांनाच आहे. १:७२ मध्ये रशियन झ्वेझ्दाचे ‘बिस’ मिळते, तर एडुआर्डचे ‘एमएफ’ (हाही मिग-२१ चाच एक प्रकार) २०१८ साली आले. हवाई दलाची भारतीय चक्रे, म्हणजे बाहेर केशरी, मध्ये पांढरा आणि आत हिरवा, प्रत्येक खोक्यातल्या डिकलमध्ये (मॉडेलवर चिकटवायच्या छापील चिन्हांत) असतातच असे नाही. नसल्यास ती वेगळी मागवावी लागतात आणि तो खर्च आधीच धरावा.

रंगकाम दोन्ही प्रमाणांत शक्य आहे, पण १:४८ चे सपाट पंख ब्रशने रंगवले तर फटकारे दिसतात, म्हणून एअरब्रश (हवेच्या दाबाने रंग फवारणारे साधन) आणि त्याला हवा पुरवणाऱ्या कॉम्प्रेसरचा खर्च जवळजवळ अटळ होतो. १:७२ मध्ये चांगल्या ब्रशवर आणि पातळ थरांवर निभावता येते. चंदेरी विमान करायचे असेल तर सांध्यावरचा प्रत्येक ओरखडा दिसतो, मग प्रमाण कोणतेही असो. कोकणपट्टीत राहणाऱ्यांनी पावसाळ्यात लॅकर (झटपट वाळणारा रंग) फवारू नये, कारण दमट हवेत त्यावर पांढुरकी साय धरते.

ज्याला हवाई दलाची विमाने ओळीने मांडायची आहेत, त्याने १:७२ च घ्यावे. सुखोई-३० १:४८ मध्ये जवळजवळ हातभर लांब, म्हणजे सेहेचाळीस सेंटिमीटरच्या आसपास होते, आणि अशी चार विमाने शहरातल्या दोन खोल्यांच्या घरात कुठे ठेवायची, हा प्रश्न घरातली माणसे लवकरच विचारतात. ज्याचा जीव फक्त मिगवर आहे, सप्टेंबर २०२५ मध्ये चंडीगडला ज्याने निरोप घेतला तेच विमान ज्याला टेबलावर हवे आहे, त्याने १:४८ घ्यावे. मात्र त्याआधी १:७२ चे एखादे स्वस्त किट, कोणत्याही विमानाचे, बिघडले तरी चालेल अशा तयारीने पूर्ण करावे.