शेअर्ड बिम मॉडेल: सगळ्यांचं एकच, की प्रत्येकाचं वेगळं आणि मग जुळवणी?

बिम म्हणजे इमारतीचं माहिती भरलेलं थ्रीडी मॉडेल. नवीन प्रोजेक्ट सुरू होताना ते सगळ्यांनी मिळून एकच करायचं की प्रत्येकाने वेगळं करून मग जुळवायचं, हा प्रश्न येतोच, आणि बहुतेक वेळा चर्चा कुठलं सॉफ्टवेअर घ्यायचं इथेच अडकते. माझ्या मते त्याआधी हे ठरवा की मॉडेलमधली भिंत कोणाची, ती कोण हलवू शकतं, आणि बिल्डिंग उभी राहून तीस वर्षं झाल्यावर ती फाईल उघडणार कोण.

पहिला रस्ता म्हणजे सगळ्यांनी एकाच कंपनीच्या क्लाउडवर, एकाच मॉडेलमध्ये काम करायचं. रेव्हिट या बिम सॉफ्टवेअरचं सेंट्रल, म्हणजे सगळ्या टीमचं सामायिक, मॉडेल ज्यांनी वापरलंय त्यांना माहितीये, सिंक केलं की दुसऱ्याचं काम दिसतं, एखादा एलिमेंट एकाने घेतला की तो सोडेपर्यंत दुसऱ्याला हलवता येत नाही. एकाच टीमला याच्याइतकं सोयीचं काही नाही, खरंच. पण बाहेरची फर्म आली की त्रास सुरू. रेव्हिटची फाईल नव्या व्हर्जनमध्ये अपग्रेड केली की जुन्यात उघडत नाही, म्हणजे सगळे एकाच व्हर्जनवर अडकून बसतात, आणि स्ट्रक्चरवाला टेकला या दुसऱ्याच सॉफ्टवेअरवर काम करत असेल तर त्याला तुम्ही काय सांगणार? शिवाय चूक झाली तर जबाबदार कोण, हे एकाच मॉडेलमध्ये करारात मांडणं अवघड जातं.

दुसरा रस्ता फेडरेटेड मॉडेलचा. आर्किटेक्टचं वेगळं, स्ट्रक्चरचं वेगळं, एमईपीचं (एसी, वीज, प्लंबिंग) वेगळं, ठरल्या दिवशी प्रत्येकाने आयएफसी, म्हणजे वेगवेगळ्या सॉफ्टवेअरना वाचता येणारी फाईल, एक्सपोर्ट करायची आणि एकावर एक ठेवून क्लॅश, म्हणजे कुठे काय एकमेकांत घुसतंय, ते बघायचं. ब्रिटनने एप्रिल २०१६ पासून केंद्र सरकारच्या प्रकल्पांना बिमची लेव्हल २ ही पायरी सक्तीची केली ती साधारण हीच पद्धत, आणि २०१८ मध्ये आयएसओ १९६५० या बिमची माहिती सांभाळायच्या स्टँडर्डचे पहिले दोन भाग आले तेही याच विचाराचे, आधी काम स्वतःकडे, मग तपासून शेअर्ड, मग पब्लिश्ड. आयएफसी हे आयएसओ १६७३९ स्टँडर्ड आहे, कोणा एका सॉफ्टवेअर कंपनीच्या मालकीचं नाही, आणि त्याची नेहमीची फाईल साध्या नोटपॅडमध्ये सुद्धा उघडते, हॅश आणि नंबरने सुरू होणाऱ्या हजारो ओळी दिसतात, कुठे भिंत कुठे दरवाजा. वाचायला कंटाळवाणं आहे पण ते वाचता येतं हीच मोठी गोष्ट आहे.

दुखणं इथेही आहेच. एका प्रोजेक्टवर डक्ट (एसीच्या हवेची नळी) बीमला धडकत होता म्हणून आम्ही बीसीएफ या मॉडेलवरच्या कमेंट पाठवायच्या फॉरमॅटमधून कमेंट पाठवली, बीसीएफमध्ये कमेंटसोबत कॅमेऱ्याचा अँगल आणि त्या वस्तूचा आयडी जातो, मॉडेल जात नाही. समोरच्याने डक्ट सरकवायच्या ऐवजी डिलीट करून नवा काढला. आयडी बदलला, आणि आमची कमेंट अशा डक्टला चिकटून राहिली जो मॉडेलमध्ये उरलाच नव्हता. क्लॅश सुटला की नाही हे शोधायला पूर्ण दुपार गेली. तेव्हापासून मी पहिल्याच मीटिंगमध्ये सांगायला लागलो की वस्तू हलवा, बदला, पण उगाच डिलीट करू नका.

तिसरा रस्ता पुढचा आहे, फाईल नकोच, फक्त बदललेल्या वस्तू पाठवायच्या. स्पेकल नावाचं ओपन सोर्स प्लॅटफॉर्म असंच चालतं, प्रत्येक भिंत, खांब स्वतंत्र ऑब्जेक्ट म्हणून जातो आणि व्हर्जनचा इतिहास राहतो. आयएफसीच्या पुढच्या आवृत्तीचं, आयएफसी ५ चं, काम सुद्धा त्याच दिशेने चाललंय, जेसन (डेटा लिहायचा साधा टेक्स्ट फॉरमॅट) आणि लेअरची कल्पना, म्हणजे आर्किटेक्टच्या दरवाजावर फायरवाला आपली माहिती वेगळ्या थरात लावेल, मूळ दरवाजाला हात न लावता. मला हे मनापासून आवडतं, कारण मालकी आणि एकत्र काम दोन्ही सांभाळलं जातं. पण आज याच्यावर करार करू नका, अजून घडतंय ते.

मग निवडायचं काय? ऑफिसच्या आत पहिला रस्ता बिनधास्त वापरा. फर्म-फर्ममध्ये दुसराच, आणि करारात आयएफसी हँडओव्हर पहिल्या दिवसापासून लिहून घ्या, शेवटी मागितलं तर मिळतं ते अर्धवट मिळतं. सोबत आयडीएस, म्हणजे मॉडेलमध्ये कुठली माहिती हवी याची मशीनला वाचता येणारी यादी, वापरा, त्याचं १.० व्हर्जन २०२४ मध्ये आलंय, प्रत्येक फायर डोअरला रेटिंग भरलंय का हे मशीन तपासतं, माणसाने डोळे फोडायची गरज नाही. तिसरा रस्ता एखाद्या छोट्या कामावर करून बघा. डिजिटल ट्विनबद्दल, म्हणजे उभ्या इमारतीच्या सेन्सरना जोडलेल्या मॉडेलबद्दल, कोणी फार बोलायला लागलं तर आधी विचारा की दरवाजांचे आयडी टिकतात का, कारण सेन्सर शेवटी त्या आयडीलाच जोडायचाय.

आणि सही करायच्या आधी एक टेस्ट करा. एक दरवाजा काढा, त्याला फायर रेटिंग भरा, आयएफसी करून स्ट्रक्चरवाल्याला आणि एमईपीवाल्याला पाठवा. रेटिंग दोघांना दिसतंय का आणि दरवाजा जागेवर बसलाय का की कोऑर्डिनेट चुकून कुठेतरी लांब जाऊन पडलाय, ते बघा. मग तोच दरवाजा फूटभर सरकवून परत पाठवा आणि आयडी तोच राहिला का ते तपासा. अर्ध्या दिवसाचं काम आहे.