खिशातला फोन कोणता, त्यावर ठरतं लेखनाचं सॉफ्टवेअर

कादंबरी लिहायची ठरली की पहिला महिना सॉफ्टवेअर शोधण्यात घालवायचा, हा आजार मलाही जडला होता. त्यातून एवढं कळलं की सोयींच्या याद्या वाचत बसण्यात अर्थ नाही. आधी खिशातला फोन बघावा. तो अँड्रॉइड असेल तर निम्मी निवड तिथेच उरकते.

स्क्रिव्हनरचंच घ्या. २००७ साली ते मॅकवर आलं, २०११ मध्ये विंडोजवर, २०१६ मध्ये आयफोन-आयपॅडवर. अँड्रॉइडवर नाहीच. लांब पल्ल्याच्या लेखनासाठी इतकं सोयीचं दुसरं मला सापडलेलं नाही, म्हणून ही उणीव जास्तच खुपते. इथे प्रत्येक प्रसंग सुटा लिहायचा. कॉर्कबोर्ड उघडला की त्या प्रत्येकाचं एक कार्ड दिसतं. नायिकेला ते पत्र सातव्या प्रकरणात मिळतं, तिसऱ्यातच मिळालं तर? कार्ड उचलायचं, वर नेऊन सोडायचं, मजकूर मुकाट कार्डामागे जातो. नाही पटलं तर परत खाली. फेरलेखनाआधी ‘स्नॅपशॉट’ घेतला की जुना मसुदा शाबूत राहतो, त्यामुळे काटछाट करताना हात आखडत नाही.

पण त्याचा प्रोजेक्ट म्हणजे एक फाइल नसते, बारक्या फायलींनी भरलेलं फोल्डर असतं. ड्रॉपबॉक्समधून दोन संगणकांवर चालवता येतं, फक्त एकीकडे बंद करून, सिंक पुरतं होऊ देऊन मगच दुसरीकडे उघडायचं. घाई केली की एकाच प्रसंगाच्या दोन प्रती होतात आणि खरी कोणती ते आपणच शोधायचं. शिवाय सुटे प्रसंग जोडून हस्तलिखित काढणारं ‘कंपाइल’ शिकायला दोन-तीन संध्याकाळी जातात. वर्गणी नाही, पैसे एकदाच. मात्र मॅक आणि विंडोजचे परवाने वेगवेगळे. चाचणीचे ३० दिवस प्रत्यक्ष वापराचे मोजतात. आठवड्यातून दोनदाच उघडलंत तर पंधरा आठवडे पुरतील.

ऑब्सिडियनची गोष्ट उलटी. विंडोज, मॅक, लिनक्स, अँड्रॉइड, आयफोन, सगळीकडे आहे आणि फुकट आहे. लिहिलेलं मार्कडाउन, म्हणजे साध्या मजकुराच्या फायलींत राहतं, त्यामुळे उद्या हे सॉफ्टवेअर नाहीसं झालं तरी मजकूर नोटपॅडमध्येही उघडेल. मात्र ते मुळात टिपणांसाठी केलेलं. प्रसंगांची माळ ओवायला ‘लाँगफॉर्म’ हे प्लगइन, म्हणजे वरून जोडायची पुरवणी, लागतं, वर्डची फाइल काढायला पॅनडॉकसारखं आणखी काही. ऑब्सिडियनची स्वतःची सिंक सेवा पैसे घेते. आणि एक धोका: प्लगइन लावत बसण्यात रविवार जातो, पानं मात्र तेवढीच राहतात.

लिनक्सवाल्यांनी नॉव्हेलरायटर पाहावं. मुक्त सॉफ्टवेअर आहे, विंडोज-मॅकवरही चालतं, कोणत्या दृश्यात कोण आहे याच्या खुणा छान ठेवतं. फोनवर मात्र नाही. युलिसिस देखणं आहे, पण फक्त ॲपलच्या यंत्रांवर आणि वर्गणी भरून.

गूगल डॉक्स ब्राउझर असेल तिथे उघडतं. चार मित्रांकडून समासात शेरे घ्यायचे असतील तर याला तोड नाही. एका दस्तऐवजात १०.२ लाख अक्षरं मावतात. तरी प्रकरणागणिक वेगळी फाइल केलेली बरी, शोधाशोध कमी होते.

आणि कुठेही लिहा, शेवटी संपादकाकडे बहुधा वर्डचीच फाइल जाते आणि ट्रॅक चेंजेसच्या लाल रेघा घेऊन परत येते. ती स्क्रिव्हनरमध्ये पुन्हा ओतू नये, शेवटचा हात वर्डमध्येच फिरवावा. फुकटात हवं असेल तर लिबरऑफिस रायटर आहे. त्यात एफ ५ दाबलं की नॅव्हिगेटर, म्हणजे शीर्षकांची यादी, उघडतो. प्रकरणांना शीर्षक-शैली दिलेली असेल तर अख्खं प्रकरण वर-खाली सरकवता येतं. हे बऱ्याच जणांना ठाऊकच नसतं.

माझा कौल असा: फोन आयफोन असेल तर स्क्रिव्हनर. अँड्रॉइड असेल तर मसुदा ऑब्सिडियनमध्ये, अखेरची प्रत रायटरमध्ये. पैसे भरण्याआधी स्वतःचं एक पुरं झालेलं प्रकरण त्यात घाला, फोनवरून एक परिच्छेद बदला, तो संगणकावर दिसतोय का बघा. मग वर्ड आणि पीडीएफ काढून जोडाक्षरं जागेवर आहेत का तेही तपासा.