हिवाळ्यासाठी बदललेली कॅम्परव्हॅन: सगळी थंडी वापरून झाल्यावर

थंडीत व्हॅनमध्ये राहतो म्हटलं की समोरचा पहिला प्रश्न ठरलेला: "हीटर कोणता बसवलात?" कित्येक महिने वापरून माझं मत असं झालंय की हा प्रश्न बराच नंतरचा आहे. आधी ओल सांभाळा. ती सांभाळली नाही तर महागातला महाग हीटरही नुसती दमट हवा तापवत बसतो.

दोन माणसं रात्रभर झोपली की श्वासाघामातून अर्धा लिटरच्या आसपास पाणी हवेत जातं. त्यात आत गॅस पेटवला की आणखी भर. एक किलो प्रोपेन जळलं की दीड किलोहून जास्त पाण्याची वाफ तयार होते. हे सगळं पाणी गार पत्रा शोधत जातं. आमच्या व्हॅनच्या मागच्या दाराच्या चौकटीला काही स्क्रू उघडे राहिले होते. कडाक्याच्या थंडीत सकाळी प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावर बर्फाचा पांढरा ठिपका, आणि शेजारचं लाकडी पॅनल मात्र कोरडं. धातू आतून बाहेरपर्यंत सलग असला की थंडी अशीच आत येते. भिंतींना क्लोज्ड-सेल फोम (बंद कप्प्यांचा, ओल न शोषणारा) चिकटवलाय, पण खरा फरक पडला तो पत्र्याच्या उघड्या फासळ्यांवर पातळ फोमच्या पट्ट्या लावल्यावर. चकचकीत फॉइलच्या शीटचं कौतुक फार होतं. तिच्यापुढे हवेची पोकळी नसेल तर तिचा उपयोग जवळजवळ शून्य.

छतावरचा पंखा थंडीतही बोटभर उघडा ठेवतो आणि खालून हवा यायला एक जाळी. उबदार हवा मुद्दाम बाहेर सोडायची हे पाहुण्यांना पटत नाही. एक रात्र सगळं बंद ठेवून झोपा म्हणावं, सकाळी काचा पुसता पुसता आपोआप पटतं. गादीखालीही हवा खेळली पाहिजे. सपाट फळीवर गादी टाकलीत तर वरून काही कळत नाही, आणि खालून बुरशी धरते. आमच्याकडे आता पट्ट्यांचा पलंग आहे.

खिडक्यांना फोम भरलेली कापडी झाकणं शिवून घेतली. सक्शन कप थंडीत कडक होतात आणि मध्यरात्री पटापट सुटतात. पुढच्या दारांच्या झाकणांच्या कडेत चुंबकं शिवलीत, ती हलत नाहीत. ड्रायव्हरच्या सीटमागे जाड पडदा हवाच, कारण पुढची काच म्हणजे व्हॅनमधली सगळ्यात मोठी गार भिंत.

आता हीटर. डिझेलवर चालणारा, 2 किलोवॅटचा. ज्वलनाची हवा बाहेरून घेतो, धूर बाहेर सोडतो, त्यामुळे आतली हवा कोरडी राहते. एवढ्या जागेला 5 किलोवॅटचा घेऊ नये असं माझं ठाम मत आहे. तो कायम मंद आचेवर चालतो आणि आत काजळी धरते. आमचाही अधूनमधून अर्धा तास पूर्ण जोरात चालवतो. सुरू होताना ग्लो प्लग (इंधन पेटवणारी तापणारी कांडी) काही मिनिटं 8 ते 10 अँपिअर खेचतो, मग एक-दोन अँपिअरवर भागतं. इंधन पंपाची टकटक पहिल्या रात्री डोक्यात जाते. रबरी क्लॅम्पमध्ये टांगल्यावर ती बरीच दबली. उंचावर हवा विरळ, म्हणून तिथे इंधन कमी करायची सोय कंट्रोलरमध्ये आहे का ते घेण्याआधीच बघा. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म झोपायच्या जागेजवळ हवाच, त्यावर चर्चा नको.

बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेटची. शून्याखाली ती वापरता येते, पण चार्ज करायची नाही. सेलमध्ये लिथियमचा थर साचून ती कायमची बिघडते. चांगली बीएमएस, म्हणजे बॅटरीवर लक्ष ठेवणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा, अशा वेळी चार्जिंग तोडते. बाहेर लख्ख ऊन आणि सोलरवरून एक थेंब वीज आत जात नाही, असं झालं तर घाबरू नका. आमची बॅटरी बाकाखाली हलवली आणि हीटरची एक नळी तिकडून फिरवली, तेव्हापासून त्रास नाही. गॅस प्रोपेनच घ्या. ब्यूटेन शून्याच्या आसपासच वाफ होणं सोडतं, प्रोपेन उणे 42 पर्यंत दम धरतं.

पिण्याच्या पाण्याची टाकी आणि सगळे पाइप आत असल्यामुळे ती बाजू निर्धास्त. सांडपाण्याचं मात्र अजून जमलेलं नाही. टाकी गाडीखाली आहे, तिला हीटिंग पॅड लावलाय. तो साधारण 7 अंशांना सुरू होतो आणि 20 ला बंद, पण वीज भरपूर खातो. शिवाय टाकी वाचली तरी झडप गोठतेच. सध्या कडक थंडीत ती टाकी रिकामीच ठेवतो, सिंकखाली बादली असते आणि ती रोज ओतायला कोण जाणार यावरून रोज वाद होतो.