हेडिंग धरायला कुठला कंपास बरा: ब्रिटिश लढाऊ विमान स्पिटफायरचा पी-८ की अमेरिकन बी-१६?

हेडिंग म्हणजे विमानाचं नाक ज्या दिशेला असतं ती दिशा, उत्तरेपासून अंशांत मोजलेली. दोन्ही कंपास दुसऱ्या महायुद्धाच्या काळातले, दोन्हीत चुंबक द्रवात बुडवलेलं, पण वापरायची पद्धत एकदम वेगळी.

बी-१६ मध्ये छोट्या काचेतून कार्डावरचा (चुंबकाला जोडलेल्या, अंश लिहिलेल्या चकतीवरचा) आकडा वाचायचा, बस. आजच्या सेसना या छोट्या विमानातही याच जातीचा कंपास असतो. वाचायला सोपा, पण हेडिंग ०३० हवं असेल आणि तुम्ही उत्तरेला चालला असाल तर ०३० ची खूण डावीकडे दिसते आणि वळायचं मात्र उजवीकडे, नवीन माणूस इथे हमखास फसतो. शिवाय हवा धक्के देत असली की कार्ड सारखं डोलत राहतं.

पी-८ पायलटच्या गुडघ्यांमधे, आडवा. वरची रिंग फिरवून हेडिंग लावायचं, लॉक करायचं, मग सुई रिंगवरच्या समांतर रेषांशी जुळेपर्यंत विमान वळवायचं आणि नंतर फक्त ती जुळणी सांभाळायची, आकडा लक्षात ठेवायची गरजच नाही! सुई डोलतही कमी, कारण तिला द्रवात ब्रेक लावणाऱ्या बारीक तारा असतात. मला ही कल्पना फार म्हणजे फारच आवडते. धोका एकच, सुईचं टोक उलटं जुळवलं तर थेट १८० अंशांची चूक. आणि बघायला मान खाली घालावी लागते.

वळताना मात्र दोन्ही चुकीचं दाखवतात, म्हणून वळण जायरोवर (वेगाने फिरणाऱ्या चाकावर चालणाऱ्या दिशादर्शकावर) घ्यायचं आणि सरळ उडताना साधारण दर १५ मिनिटांनी जायरो कंपासशी जुळवायचा.

लांब सरळ पल्ल्याला माझं मत पी-८ लाच.