गोल्फचा टॉवेल: कापड कोणतं, किती घ्यायचे आणि अडकवायचे कुठे?

चौदा क्लब (बॉल मारायच्या काठ्या) निवडायला माणूस महिने घालवतो, बॉल कोणता यावर तासभर वाद घालतो आणि टॉवेल मात्र हाताला लागेल तो बॅगेला बांधून मोकळा होतो. मला हे पटत नाही. फटक्याच्या क्षणी क्लबचं तोंड आणि बॉल यांच्यामध्ये काय सापडतं, यावर बॉल पुढे कसा वागेल ते बऱ्याच अंशी ठरतं. तिथे पाणी, माती, गवत येऊ न देण्याचं काम टॉवेलशिवाय कोणीच करत नाही.

वेज आणि आयर्न या धातूच्या डोक्याच्या क्लबांच्या तोंडावरच्या आडव्या खाचा बॉलला धरून फिरवतात, अशी अनेकांची समजूत असते. खरं तर त्यांचं काम गाडीच्या टायरवरच्या नक्षीसारखं आहे. पाणी आणि चिरडलेलं गवत बाजूला जायला त्या वाट देतात, म्हणजे धातू थेट बॉलला भिडतो. मागच्या फटक्याची माती खाचांत वाळून बसली की ती वाट बुजते. मग फिरकी कमी पडते आणि बॉल ग्रीनवर (खळग्याभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर) टप्पा घेऊन थांबायच्या ऐवजी पुढे पळत सुटतो. दोष मात्र आपण स्विंगला, म्हणजे क्लब फिरवण्याच्या पद्धतीला, देतो.

घाईत असाल तर माझा निवाडा आधीच सांगते. एकच टॉवेल घेणार असाल तर वॉफल विणीचा (चौकोनी खळग्यांच्या विणीचा) मायक्रोफायबर, म्हणजे अतिबारीक कृत्रिम धाग्याचा टॉवेल घ्या, साधारण 40 बाय 60 सेंटीमीटरचा, आणि त्याचा खालचा तिसरा हिस्सा ओला ठेवा. दोन बाळगायची तयारी असेल तर तोच बॅगेला राहू द्या आणि एक छोटा, कोरडा सुती रुमालवजा टॉवेल खिशात ठेवा. माझ्या मते दुसरी व्यवस्था पहिलीपेक्षा बरीच सरस आहे. मात्र त्याचं कारण कापडात नाही, अंतरात आहे.

सुती, साधा मायक्रोफायबर आणि वॉफल

सुती टेरीचा (फासेदार विणीचा) टॉवेल हाताला सगळ्यात चांगला लागतो. कापसाचा धागा पाणी स्वतःच्या आत ओढून घेतो आणि ओला झाल्यावर कमजोर होत नाही, उलट मजबूत होतो. त्यामुळे चिकट माती जोर लावून घासायची असेल तर सुती टॉवेल दगा देत नाही. घामेजलेले हात, ग्रिप (क्लबची मूठ), चष्मा, चेहरा यांना तर त्याच्यासारखा दुसरा नाही. अडचण पुढे येते. एकदा चिंब झाला की तो लवकर वाळत नाही, जड होतो आणि मग ओलावा पुसण्याऐवजी पसरवत बसतो. नवा असताना तंतूही सोडतो. ते ओल्या बॉलला आणि ग्रिपला चिकटतात, म्हणून पहिल्या वापराआधी दोन-तीनदा धुऊन घ्यावा.

मायक्रोफायबर बहुधा पॉलिएस्टर आणि पॉलिअमाइड यांचा असतो. 80 आणि 20 टक्के हे प्रमाण नेहमी दिसतं. त्याचा धागा एका डेनियरहूनही (धाग्याचा बारीकपणा मोजायचं एकक) बारीक असतो आणि चांगल्या प्रतीच्या कापडात तो उभा चिरलेला असतो. पाणी धाग्याच्या आत न जाता धाग्यांमधल्या बारीक फटींत धरलं जातं. म्हणूनच पिळला की ते चटकन सुटतं आणि टॉवेल पुन्हा कामाला लागतो. बॉल पुसायला आणि ड्रायव्हरचा (लांब फटक्याच्या क्लबचा) चकचकीत माथा साफ करायला हे कापड उत्तम. पण त्याची पकड हाच त्याचा दोषही आहे. गवताची पाती, कुसळं, वाळूचे कण, काहीही त्यातून सहज झटकून जात नाही. बंकरमधून (वाळूच्या खड्ड्यातून) आल्यावर त्याच टॉवेलने पटरचं (ग्रीनवर बॉल हळूच ढकलायच्या क्लबचं) मऊ धातूचं तोंड पुसलं तर अडकलेली वाळू घासकागदासारखी फिरते. माझ्या पटरवर अशा दोन रेघा आहेत आणि त्या आता जाणार नाहीत.

वॉफलमध्ये फरक विणीचा असतो. चौकोनी खळगे आणि त्यांच्या उंच कडा अशी ती वीण. कडा माती खरवडतात आणि निघालेली माती खळग्यांत जाऊन बसते, म्हणजे तीच परत क्लबवर फासली जात नाही. बोटाच्या टोकावर कापड ताणून खाचेतून ओढलं की कडा आत शिरते. साध्या मऊ मायक्रोफायबरला हे नीट जमत नाही, तो खाचांवरून घसरतो. धुताना वाहत्या पाण्याखाली धरला तरी बरीच माती निघते. चेहरा पुसायला मात्र वॉफल अगदीच खरखरीत. तो तुमच्यासाठी नाही, लोखंडासाठी आहे.

धुण्याचं एक पथ्य दोन्ही मायक्रोफायबरना लागू आहे. कपडे मऊ करणारं द्रव्य कधीही वापरू नका. त्याचा थर धाग्यांवर बसतो आणि पाणी शोषणं मंदावतं. सुती कपड्यांबरोबर धुतलात तर त्यांचे सगळे तंतू हा टॉवेल स्वतःवर ओढून घेतो. जास्त उष्णताही टाळा. महाग टॉवेल वर्षभरात निकामी झाला, अशी तक्रार करणाऱ्यांपैकी अनेकांचं उत्तर धुलाईत सापडेल.

अडकवायचा कुठे?

निवड करताना लोक कापड चाचपडून बघतात. मी आधी तो लटकणार कसा ते बघते. टॉवेल बॅगेवर असतो आणि बॉल ग्रीनवर पुसायचा असतो. बॅग ग्रीनबाहेर, तुम्ही वीस पावलं आत, हातात मार्करने खूण करून उचललेला मातकट बॉल. परत जाऊन टॉवेल आणणारे फार थोडे. बाकीचे पॅंटला पुसतात नाहीतर तसाच ठेवतात.

तीन घड्या घालून शिवलेला, कोपऱ्यात कडी आणि हूक असलेला टॉवेल सगळ्यात जास्त दिसतो. बॅग खांद्यावर घेऊन चालणाऱ्यासाठी तो ठीक आहे, कारण पायांत येत नाही. फक्त हूक सहज निघणारा हवा. गिर्यारोहकांसारखा स्प्रिंगचा हूक असेल तर ग्रीनकडे जाताना एका हाताने काढून बरोबर नेता येतो. कडीला कायमचा शिवलेला टॉवेल मी घेणार नाही.

मध्ये चीर असलेला लांबरुंद टॉवेल, साधारण 50 बाय 100 सेंटीमीटरचा, हा मुळात कॅडीचा, म्हणजे खेळाडूची बॅग वाहणाऱ्या मदतनिसाचा, टॉवेल. चिरेतून एखादा क्लब सरकवला की तो बॅगेच्या तोंडावर दोन्ही बाजूंना पसरतो. अर्धा ओला, अर्धा कोरडा ठेवायला इतका सोयीचा दुसरा आकार नाही, आणि पावसाची सर आली तर ग्रिपवर पांघरताही येतो. कॅडी असेल किंवा ट्रॉली ढकलत असाल तर हाच घ्या. बॅग स्वतःच्या पाठीवर असेल तर पूर्ण फेरीचे अठरा होल तो ओला भार वागवणं मला पटत नाही. शिवाय प्रत्येक वेळी क्लब काढताना तो खाली पडतो.

चुंबकाचा टॉवेल अलीकडे बराच दिसतो. कल्पना छान आहे: चिपिंगला (ग्रीनजवळून छोटा फटका मारायला) जाताना टॉवेल जमिनीवर टाकला, परत येताना वेजचं डोकं त्यावर टेकवलं की तो चिकटून वर येतो, वाकावं लागत नाही. पाठ दुखणाऱ्याला ही मोठी सोय आहे. पण घेण्याआधी आपल्या वस्तूंवर चुंबक लावून बघा. कार्बन स्टीलच्या वेजला तो घट्ट बसतो, टायटॅनियमच्या ड्रायव्हरला बसत नाही. ट्रॉलीचा किंवा कार्टचा दांडा अ‍ॅल्युमिनियमचा असेल तर तिथेही नाही, आणि मग तुम्ही पैसे कशाचे दिले?

उरला खिशातला छोटा टॉवेल. दिसायला सगळ्यात साधा, पण माझ्या खेळात सगळ्यात जास्त फरक यानेच पडला. ग्रीनवर बॉल रोज, प्रत्येक होलला, न विसरता पुसला जातो, कारण पुसायला कुठे जावं लागत नाही. बॉलचा व्यास जेमतेम 42.67 मिलिमीटर आणि अंगभर डिंपल (बारीक खळगे). एका बाजूला चिकटलेला मातीचा लहानसा खडाही पटला (ग्रीनवरच्या हळू फटक्याला) वाकडं वळण द्यायला पुरतो.

ओलं आणि कोरडं

एकाच टॉवेलवर दोन्ही कामं करायची तर ओल्या-कोरड्याची हद्द सांभाळावी लागते. पहिल्या टीवर (होलच्या सुरुवातीच्या जागी) जाण्याआधी खालचा तिसरा हिस्सा भिजवून नीट पिळायचा. ठिबकता कामा नये, नुसता दमट हवा. फटका मारला की चालता चालता आधी दमट भागाने तोंड पुसायचं, मग कोरड्या भागाने टिपायचं. ग्रिपला दमट भाग लावायचाच नाही. माती ओली असतानाच पुसलेली बरी. बॅगेत परत ठेवलेल्या क्लबवर ती वाळते आणि पुढच्या वेळी फटक्यासाठी उभं राहिल्यावर बॉल ठेवायच्या लाकडी खुंटीच्या टोकाने खाचा कोरत बसावं लागतं. गोल्फच्या नियम क्र. 5.6 प्रमाणे आपली पाळी आली की 40 सेकंदांत फटका मारावा, अशी अपेक्षा आहे. तो वेळ साफसफाईचा नव्हे.

माझा अनुभव असा की दहाव्या-अकराव्या होलपर्यंत ही हद्द टिकत नाही. घडी फिरते, ओल वर चढते आणि शेवटचे काही होल सगळाच टॉवेल अर्धवट दमट असतो. दोन टॉवेल घ्या म्हणते ते यासाठीही. बॅगेवरचा पूर्ण ओला झाला तरी चालेल, खिशातला कोरडाच राहतो.

पावसात हिशेब बदलतो. तेव्हा कापडापेक्षा संख्या महत्त्वाची. दोन-तीन जुने सुती टॉवेल प्लास्टिकच्या पिशवीत बॅगेच्या कप्प्यात ठेवा आणि चिंब झालेला बदलत राहा. वापरातला टॉवेल छत्रीच्या काड्यांना आतून लटकवा, कॅडी हेच करतात. मायक्रोफायबर कितीही चांगला असला तरी सतत पडणाऱ्या पाण्यात तो दर होलला पिळावा लागतो, आणि ओल्या हातांनी पिळलेल्या टॉवेलने ग्रिप कोरडी होत नाही.

ओल्या गवतावर टॉवेलचा आणखी एक उपयोग होतो. चिपिंगला दोन-तीन क्लब नेले तर उरलेल्यांच्या ग्रिप टॉवेलवर ठेवा. ग्रिप कोरड्या राहतात आणि रंगीत टॉवेल डोळ्यांत भरतो, त्यामुळे क्लब मागे विसरत नाही.

टॉवेलमुळे फटका वाढतो तेव्हा

ग्रीनवर बॉलची खूण करून तो उचलून पुसायला कायम मुभा आहे. इतरत्र चार प्रसंगी हात आवरावा लागतो: बॉल फुटला किंवा चिरला आहे का ते पाहायला उचलला, ओळख पटवायला उचलला, दुसऱ्याच्या खेळात अडथळा होतो म्हणून उचलला, किंवा सवलत (दंडाशिवाय बॉल हलवण्याची मुभा) मिळेल अशा जागी तो आहे का हे तपासायला उचलला. ओळखीपुरतं पुसता येतं, बाकी तिन्ही वेळा नाही. नियम 14.1 खाली एक फटका दंड बसतो. खिशात टॉवेल असलेल्याने हे मुद्दाम लक्षात ठेवावं, कारण हात सवयीने तिकडे जातो. ग्रीनवर पटच्या रेषेतली सुटी पानं आणि वाळू टॉवेलने झटकता येतात, पण दव पुसता येत नाही. फटक्याची दिशा दाखवायला टॉवेल जमिनीवर मांडला तरी दंड आहे, आणि फटक्याआधी उचलून घेतला तरी तो टळत नाही.

यातलं सगळ्यात महागात पडलेलं उदाहरण 1987 सालचं, कॅलिफोर्नियातल्या टोरी पाइन्स कोर्सवरच्या स्पर्धेतलं. अमेरिकन व्यावसायिक खेळाडू क्रेग स्टॅडलरचा बॉल झाडाच्या खाली झुकलेल्या फांद्यांत गेला. गुडघ्यावर बसूनच मारता येणार होतं आणि जमीन चिखलाची होती. पॅंट खराब होऊ नये म्हणून त्याने टॉवेल पसरला, त्यावर गुडघे टेकले आणि बॉल बाहेर काढला. हे उभं राहण्यासाठी जागा तयार करणं ठरतं, दंड दोन फटके. कोणाच्याच ते लक्षात आलं नाही, त्यानेही गुणांच्या कार्डावर दंड न लिहिता सही केली. दुसऱ्या दिवशी टीव्हीवर ते दृश्य पाहून प्रेक्षकांनी फोन केले आणि चुकीच्या कार्डाबद्दल तो बाद झाला. दुसऱ्या क्रमांकाच्या बरोबरीचं 37,333 डॉलरचं बक्षीस गेलं. आजच्या नियमात, दंडाची कल्पनाच नसताना सही केली असेल, तर ते दोन फटके वाढवले जातात, खेळाडू बाद होत नाही. टॉवेलवर गुडघे टेकण्याची मनाई मात्र तशीच आहे. पॅंट वाचवायची असेल तर वरून पावसाळी पॅंट चढवा, अंगावर घातलेल्या कपड्याला हरकत नाही.