गोटी पान्याची मोडकी पेटी : मोडल्यानंतर नऊ महिन्यांनी

मागच्या ऑक्टोबरात गोडी (फळासाठीची) छाटणी उरकली आणि डावणीच्या (द्राक्षावरचा बुरशीचा रोग) फवारण्या सुरू झाल्या. नानांच्या (माझे चुलते, दिंडोरी तालुक्यात द्राक्षबाग) ब्लोअरचा, म्हणजे फवारणी यंत्राचा, पंप गळायला लागला म्हणून रविवारी गोटी पान्यांचा सेट (बोल्टवर बसणाऱ्या वेगवेगळ्या मापांच्या गोट्या आणि त्या फिरवायचं रॅचेट) घेऊन गेलो. बागेत दोन ओळींच्या मधून चालताना पेटीचा एक खटका निसटला, सगळा भार दुसऱ्यावर आला, तोही गेला आणि झाकण बिजागरीपासून अर्धं फाटून खाली लोंबलं. 10 पासून 32 मिलिमीटरपर्यंतच्या सगळ्या गोट्या काळ्या मातीत आणि छाटलेल्या काड्यांत पडल्या. मी गुडघ्यावर बसून वेचतोय आणि नाना बांधावरून म्हणतात, "गोट्या खेळायचं वय गेलं रे तुझं."

सेट ऑनलाइन मागवलेला, कंपनीचं नाव लिहीत नाही. गोट्या आणि रॅचेट आजही उत्तम आहेत, तक्रार फक्त पेटीची. कस्टमर केअरला फोन केला तर रिकामी पेटी वेगळी मिळत नाही, नवा सेट घ्या म्हणाले. पाच हजारांचा सेट, कशासाठी, तर प्लास्टिकच्या डब्यासाठी!

ही पेटी का मोडते, ते मोडल्यावर नीट बघितलं. फुगवून बनवलेलं दुहेरी कातडीचं प्लास्टिक, आत पोकळ. झाकण आणि बूड एकाच तुकड्याचं, मध्ये पातळ पट्टी ठेवलेली, तीच बिजागरी. भरलेली पेटी भाजीच्या काट्यावर पावणेपाच किलो भरली. आडवी ठेवून उघडझाप केली तर ती पट्टी वर्षानुवर्षं टिकेल. पण मूठ धरून उभी नेली की निम्मं वजन झाकणाकडे झुकतं आणि गाडीच्या प्रत्येक खड्ड्याला पट्टीला हिसका बसतो. नाशिकच्या अंबडहून दिंडोरीपर्यंतचे खड्डे मी मोजत नाही. त्यात माझी पेटी दोन उन्हाळे शेडच्या दारात उन्हात पडलेली. बिजागरीजवळ प्लास्टिक पांढरट पडून खडूसारखं झालं होतं, ते मला आधीच दिसायला हवं होतं.

पहिला उपाय सगळे करतात तोच, फेविक्विक. संध्याकाळी लावलं, सकाळी चिकटवलेला तुकडा नखाने सालपटासारखा निघाला. मग अराल्डाइट, दोन्ही ट्यूब नीट घोटून, रात्रभर शिकंजात धरून. तेही चार दिवसांत निघालं, आणि निघालेला थर काचेसारखा गुळगुळीत, म्हणजे प्लास्टिकला त्याने धरलंच नव्हतं. पेटीच्या बुडाला त्रिकोणात 2 लिहिलेलं आहे, म्हणजे एचडीपीई. या प्लास्टिकवर गोंद पसरतच नाही, मेणावर पाणी टाकल्यासारखा गोळा होतो. असले गोंद बहुतेक याच जातीच्या प्लास्टिकच्या बाटल्यांत भरतात ते उगाच नाही. त्रिकोणात 5 असेल तर ते पॉलिप्रॉपिलीन, गोंदाच्या बाबतीत त्याचीही तीच रड.

मग वैतागून भद्रकालीतून पत्र्याची पाच कप्प्यांची पेटी आणली, तेराशे रुपये. उघडली की कप्पे दोन्ही बाजूंना हात पसरल्यासारखे बाहेर येतात ती. पकड, रिंग पाने, अॅलन कीचा जुडगा, हातोडी, फाइल, टेस्टर, सगळं एका जागी आलं. पकड टपारियाची, आमच्या सातपूरच्या कारखान्यातली. अकरा वर्षं झाली, नुसत्या मुठीच्या रबराला चीर पडलीय. तर पेटी मस्त वाटली आणि मी गोट्या मधल्या मोठ्या कप्प्यात सरळ ओतल्या.

इथेच माझा गाढवपणा झाला. ओतलेल्या गोट्यांत 16 आणि 17 नजरेने वेगळ्या निघत नाहीत. प्रत्येक वेळी हातात घेऊन अंक शोधायचा, अंक ग्रीसने भरलेला, मग अंगठ्याने पुसून उजेडात धरायचा. शेडमध्ये संध्याकाळी सहानंतर तर विचारू नका. आणि प्लास्टिकच्या पेटीत एक गोटी राहिली की तिचा खड्डा रिकामा दिसतो, तो डोळ्याला टोचतो. ढिगातून एक कमी झाली तर ढीग ढीगच राहतो. नोव्हेंबरात 17 ची गोटी गेली आणि मला पत्ता लागला तो आठवड्याने, कंपनीत कॉम्प्रेसरचा बोल्ट उघडायला बसलो तेव्हा. अंबडच्याच एका दुकानातून सुटी 17 विकत घेतली. सेटमध्ये चार पाच गोट्या मी आयुष्यात वापरलेल्या नाहीत, त्या कधीच हरवत नाहीत. जाते ती 13, 17 किंवा 19.

ती गोटी तीन आठवड्यांनी सापडली, ब्लोअरच्या पंपाच्या पायाच्या बोल्टवरच. मी घट्ट करून रॅचेट काढून घेतलं होतं, गोटी तिथेच. त्यानंतरच्या सगळ्या फवारण्या तिने बोल्टवर बसूनच केल्या, वर बोर्डोचा (मोरचूद-चुन्याचं फवारणीचं औषध) निळसर थर चढलेला. नाना म्हणाले, "तिला डावणी काय लागायची नाही आता." ती गोटी सेटमध्ये परत ठेवलीय, निळा डाग मुद्दाम पुसलेला नाही.

त्या रविवारी ठरवलं की पत्र्याची पेटी राहू दे, पण गोट्या जुन्या पेटीतच ठेवायच्या. म्हणजे पेटी दुरुस्त करणं आलं. पूर्वी असं काही मोडलं की लिंक रोडच्या भंगार बाजारात चक्कर मारायचो, कुणाच्या तरी सेटची रिकामी पेटी मिळायची. 2017 च्या जानेवारीत महापालिकेने तो बाजार उठवला, तेव्हापासून ती सवय सुटली.

गोंद चालत नाही, पण हे प्लास्टिक वितळवून जोडता येतं, फक्त भरायचं प्लास्टिक त्याच जातीचं हवं. घरात इंजिन ऑइलचा रिकामा डबा होता, बुडाला तोच 2. खात्री म्हणून दोन्हींचा बारीक तुकडा चिमट्यात धरून पेटवून बघितला. दोन्ही मेणबत्तीसारखे थेंब टाकत जळाले, वासही विझवलेल्या मेणबत्तीचाच. मग डबा कापून साबणाने धुतला (तेलाचा अंश राहिला तर जोड धरत नाही) आणि पाच मिलिमीटरच्या पट्ट्या काढल्या. चिरेच्या दोन्ही टोकांना तीन मिलिमीटरचं भोक पाडलं, नाहीतर चीर पुढे पळते. चिरेला कटरने व्हीसारखी खाच दिली आणि 25 वॅटच्या सोल्डरिंगने पट्टी आणि पेटी एकदमच मऊ करून एकमेकांत दाबत गेलो. धूर निघाला की समजायचं जास्त तापलं, थांबायचं. नुसती पट्टी वितळवून वरून ओतली तर ती सांडलेल्या मेणासारखी नुसती बसते, नंतर टपकन निघते. माझा पहिला वीतभर जोड असाच निघाला. जिथे प्लास्टिक उन्हाने खडू झालं होतं तिथे जोड बसतच नव्हता, तो भाग कापून खालचं काळं, चिवट प्लास्टिक उघडं पाडल्यावरच जमलं.

बिजागरीची पट्टी मात्र पुन्हा जोडण्यात अर्थ नव्हता, ती परत तिथेच फाटणार. कपाटांना लावतात ती लांब पट्टीची बिजागरी आणली, पेटीच्या लांबीएवढी कापली आणि पॉप रिवेटने (गनने ओढून बसवायची पोकळ खिळ) बसवली. पहिल्यांदा रिवेट पोकळ भागात मारले. गन दाबली की बाहेरची कातडी आत ओढली जायची, झाकण तिरकं बसलं. ते सगळे रिवेट ड्रिलने काढून कडेला घेतले, जिथे दोन्ही कातड्या एकत्र दाबून चपट्या झालेल्या असतात. मागून प्रत्येकाला वॉशर. खटके पत्र्याचे, जुन्या पेट्यांना असतात ते, जोडी साठ रुपयांना. बिजागरी, खटके, रिवेट धरून अडीचशेच्या आत झालं, पण दोन रविवारच्या संध्याकाळी गेल्या. बायको म्हणाली तेवढ्या वेळात ओव्हरटाइम केला असता तर नवा सेट आला असता. हिशेब चुकीचा आहे, पण फार चुकीचा नाही.

आता जुलै चालू आहे. वितळवलेल्या जोडाला एप्रिलमध्ये शेडच्या पत्र्याखाली राहूनही काही झालेलं नाही. दिसायला काळ्या पेटीवर पिवळट वळ, ओळखायला बरं पडतं. बिजागरी घट्ट आहे, दोन रिवेट हलकेच वाजतात. डावीकडचा खटका मे महिन्यात ढिला झाला, पकडीने कानाची वायर थोडी आवळली. आणि नेण्याची पद्धत बदलली, पेटी आता मूठ धरून उभी न नेता आडवी नेतो.

पत्र्याच्या पेटीबद्दल जरा नाराज आहे. भरली की चौदा किलोच्या आसपास, मूठ हातात रुतते, स्कूटरवर पायात ठेवली तर ब्रेकला पाय पुरत नाही, म्हणून ती गाडीतच असते. चालत्या गाडीत भांड्याची मांडणी पडल्यासारखी वाजते. तळाला जुनी गोणपाटं घातल्यावर आवाज निम्मा झाला. जूनच्या पहिल्या पावसात मी ओले हातमोजे त्यात टाकून विसरलो, चार दिवसांत एका कोपऱ्यात रंग फुगला आणि खाली गंज. घासून रेड ऑक्साइड मारलं. आता तिथे तेलाचं फडकं असतं. कप्प्यांचे रिवेट अजून सरळ आहेत, पण वरचा कप्पा भरलेला असताना पेटी उघडी ठेवून उचलू नका, मी एकदा उचलली आणि तेव्हापासून एका बाजूचा हात थोडा वाकडा येतो.

मधल्या काळात गोट्या अडकवायची रेलही घेऊन बघितली. क्लिप चार महिन्यांत सैल झाल्या, गोट्या गाडीच्या मॅटखाली मिळू लागल्या. फोम कापून खड्डे करायचं बऱ्याच जणांनी सुचवलं. कोरड्या गॅरेजमध्ये चालेल, पण माझ्या गोट्या ग्रीसमधून येतात आणि फोम ते पिऊन टाकतो.

सुटी घेतलेली 17 आता पत्र्याच्या पेटीत वेगळी असते. परवा नानांनी ब्लोअरसाठी मागून नेलीय.