कटी सार्कच्या मॉडेलवर मंद वाऱ्याची शिडं: स्टनसेल की स्कायसेल-स्टेसेल?

कटी सार्कच्या तिन्ही डोलकाठ्या उभ्या राहिल्या की एक निर्णय घ्यावाच लागतो, आणि तो यार्ड, म्हणजे शिडं टांगायच्या आडव्या काठ्या, चिकटवण्याआधी घ्यावा. १८६९ साली बांधलेल्या या चहाच्या क्लिपरवर, म्हणजे वेगवान शिडाच्या जहाजावर, सुरुवातीच्या काळात वारा मंदावला की चढवायची दोन्ही प्रकारची शिडं होती. यार्डच्या टोकांतून बूम, म्हणजे बारीक काठ्या, बाहेर सरकवून लावायची स्टनसेल, आणि मधल्या डोलकाठीवर रॉयल या वरच्या शिडाच्याही वर एकच चिंचोळं स्कायसेल. डोलकाठ्यांमधली तिकोनी स्टेसेल वेगळीच. मॉडेलवर हे सगळं एकदम दाखवलं तर ते खोटं दिसतं. स्टनसेल मागून येणाऱ्या वाऱ्याची, आणि तसा वारा असला की स्टेसेल चौकोनी शिडांच्या आडोशाला पडून नुसती फडफडतात. स्टेसेल फुगलेली हवीत तर वारा बाजूने धरायचा आणि यार्ड तिरपी फिरवायची.

मी १:९६ या प्रमाणात दोन्ही करून बघितलं. पहिलं मॉडेल स्टनसेलचं, दुसरं स्कायसेल-स्टेसेलचं.

नजरेत भरण्याच्या बाबतीत स्टनसेलशी बरोबरी नाही, हे आधीच कबूल करतो. मुख्य यार्ड मुळात ७८ फुटांचं, म्हणजे मॉडेलवर जवळपास २५ सेंटीमीटर. त्याच्याही बाहेर शिडं पसरली की जहाज पंख उघडल्यासारखं दिसतं. १८६६ च्या शर्यतीत एरियल आणि टेपिंग ही क्लिपर चीनमधल्या फुचौहून चहा घेऊन निघाली आणि ९९ दिवसांनी लंडनच्या गोद्यांत २८ मिनिटांच्या अंतराने शिरली. वाऱ्याची झुळूकही वाया जाऊ द्यायची नाही, ही त्या क्लिपरांची जिद्द दाखवायला स्टनसेलच हवीत. पेटी हातभर रुंद होते, दोरही वाढतात: प्रत्येक शिडाला वर चढवायचा एक, कोपरा बूमच्या टोकाकडे ताणायचा एक, आत धरायचा एक, खाली ओढायचा एक. हे सगळं मी आनंदाने केलं.

माझं मन फिरलं ते पावसाळ्यात. घर रत्नागिरीत, दोरा सुती. जूनअखेरीस हवेतला ओलावा वाढला तसा दोरा आखडला. बाकी शिडांना वर-खाली जाड यार्ड असतात, ती हलली नाहीत. पण स्टनसेलचा खालचा कोपरा लटकतो तो मिलिमीटरभर जाडीच्या, सहा-सात सेंटीमीटर लांब, एकाच टोकाला धरलेल्या बूमवर. जुलैत पुढच्या डोलकाठीचा बूम धनुष्यासारखा वर वाकला. तो सरळ करावा म्हणून मी दोर सैल केला, तर डिसेंबरच्या कोरड्या हवेत शीड वाळत घातलेल्या धोतरासारखं लोंबायला लागलं. पुन्हा ताणलं. पुढच्या पावसाळ्यात बूम यार्डवरच्या कडीपाशी मोडला, आणि त्यासोबत वरच्या शिडाचा दोरही सुटला. दोन वर्षांत तीन बूम बदलले. खऱ्या जहाजांवरही दोर ओले झाले की आखडत आणि स्टनसेलचे बूम मोडणं नेहमीचंच होतं, हे मला वाचून माहीत होतं. हाताखाली मोडल्यावर ते पटलं.

पॉलिस्टरचा दोरा वापरणाऱ्यांना हा त्रास कदाचित कमी होईल. मला त्याची चकाकी खटकते आणि गाठही सरकते, म्हणून मी त्या वाटेला गेलो नाही. एसी खोलीत मॉडेल ठेवणार असाल तर माझा अनुभव तुम्हाला तसाच लागू पडेल असंही नाही.

दुसऱ्या मॉडेलवर स्टेसेलचा भार डोलकाठीपासून डोलकाठीपर्यंत ताणलेल्या जाड दोरावर आहे. तो थोडा आखडला तरी शीड वाकडं होत नाही. स्कायसेलला स्वतःचं यार्ड आहे. तीन पावसाळे झाले, धूळ झटकण्यापलीकडे त्याला हात लावलेला नाही. उणीव एकच: बाजूने पाहताना डोलकाठ्यांमधली मोकळी जागा भरून जाते आणि दोरांचं बारीक काम झाकलं जातं.

१८८० साली या जहाजाच्या डोलकाठ्या आणि यार्ड कापून आखूड केली. ऑस्ट्रेलियाहून लोकर आणताना त्याने नाव कमावलं ते त्यानंतर, आटोपशीर शिडांवर. हेही माझ्या मनात होतंच.

तुम्ही ट्रिंकोमाली करत असाल तर मात्र मी इतक्या ठामपणे बोलणार नाही. मुंबईच्या गोदीत जमशेटजी बमनजी वाडियांनी सागवानात बांधलेलं, १८१७ साली पाण्यात उतरलेलं आणि आज इंग्लंडमधल्या हार्टलपूलला असलेलं ते जहाज ब्रिटिश आरमाराचं. शिडं चढवायला-उतरवायला त्यावर माणसांची वाण नव्हती, त्यामुळे स्टनसेल त्याला शोभतात.

कटी सार्कपुरतं मी एक केलं आहे. पितळी तारेच्या कड्या यार्डवर बसवल्या आणि बूम आत ओढून, यार्डला लागून बांधून ठेवले. शीड एकही नाही. जाणकार पाहुणा वाकून बघतो, बोटाने बूम दाखवतो आणि विचारतो, "ही लावली नाहीत का?" मग मी त्याला जुलैची गोष्ट सांगतो.